एकटी आई कमावते, तरी पैसे का पुरत नाहीत?

प्रश्न: ताई, माझा घटस्फोट झालाय, मुलगा ७ वर्षांचा आहे. मुलासाठी पोटगी ठरली होती, दोन महिने आली मग बंद. नोकरी आहे तरी महिनाअखेरीला ओढाताण होतेच. घरचे म्हणतात संसार मोडला की असंच होणार, परदेशात तरी कुठे वेगळं आहे. खरंच सगळीकडे असंच असतं का?

उत्तर: नाही हो, आणि "असंच होणार" हे आधी मनातून काढून टाका. ओढाताण बाहेरही असते, पण ती संसार मोडला म्हणून नाही, तिथल्या व्यवस्थेमुळे. आधी जपानचं बघा. तिथे एकट्या आयांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त जणी नोकरी-धंदा करतात, म्हणजे आळसाचा प्रश्नच नाही, तरी २०२१ साली एकाच पालकाच्या घरांतली ४४.५ टक्के माणसं गरिबीत होती. कारण लग्न किंवा बाळंतपणात सुटलेली पक्की नोकरी परत मिळत नाही, मग पार्ट-टाइमवर भागवायचं. त्यात तिथले बहुतेक घटस्फोट कोर्टात न जाता नुसता फॉर्म भरून होतात, मुलाच्या खर्चाचं धड लिहून घेतलेलंच नसतं, आणि मग जेमतेम २८ टक्के आयांच्या हातात तो पैसा पडतो! मला हे फार लागतं, कारण मुलाची भूक काही बापाच्या मर्जीवर थांबत नाही.

जर्मनीत यावर साधा उपाय आहे. बापाने (किंवा आईने, जो वेगळा राहतो त्याने) पैसे दिले नाहीत तर सरकार ठरावीक रक्कम आधी देतं आणि मग त्याच्याकडून वसूल करत बसतं, म्हणजे पाठलाग सरकारने करायचा, तुम्ही नाही. पूर्वी हे मूल १२ वर्षांचं होईपर्यंत आणि तेही जास्तीत जास्त ६ वर्षं मिळायचं, २०१७ पासून १८ पर्यंत मिळतं. तिथेही एकट्या पालकांना चणचण आहेच, पण महिन्याची एक रक्कम तरी नक्की येते. स्वीडनमध्ये मुलाचा ताबा एकट्याकडे असेल तर पालकत्वाची ४८० दिवसांची रजा सगळी त्यालाच मिळते, आणि मूल तापाने फणफणलं की घरी थांबायला भरपाईसकट सुट्टी असते. एकट्या आईची नोकरी बऱ्याचदा अशाच तापाच्या दिवसांत जाते, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आणि एक, आकड्यांवरून फसू नका. २०१९ च्या एका मोठ्या पाहणीत अमेरिकेतली २३ टक्के मुलं एकाच पालकाजवळ राहणारी निघाली, भारतातली फक्त ५. पण त्यात घरात दुसरं कुणी मोठं माणूस नसलेलीच घरं मोजलीत, म्हणजे लेकराला घेऊन माहेरी परतलेली बाई त्यात दिसतच नाही, तिची अडचण मात्र तशीच असते.

तुमच्यापुरतं सांगते, पोटगी तोंडी ठरली असेल तर लगेच वकील गाठून कोर्टाचा हुकूम घ्या, रक्कम आणि तारीख दोन्ही त्यात हवं, आणि पैसे बँकेतूनच घ्या. हुकूम आधीच असेल तर कुठल्या महिन्याचे आले नाहीत ते वहीत लिहून ठेवत जा, वसुलीचा अर्ज करताना ती वही लागेल.