गावात मुलींच्या खरेदी-विक्रीबद्दल जनजागृती कशी करावी?

तुम्ही विचारलंय, यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या गावात देहव्यापारात ढकलल्या जाणाऱ्या मुलींसाठी काही करायचं आहे, तर रॅली काढू की पोस्टर लावू? मी याच जिल्ह्यात १८ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. माझं सांगणं असं की आधी गावाच्या तोंडातला ‘पळाली’ हा शब्द काढा.

आमच्याकडची एक १६ वर्षांची पोर संध्याकाळी घरी आली नाही. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.) “पळाली असन कोनासंग,” गल्लीनं ठरवून टाकलं. मीही तेच म्हटलं, आणि ते मला आजही खुपतं. बाप बदनामीला भ्याला, आठ दिवस ठाण्याची पायरी चढला नाही. चढला तेव्हा “येईल परत” म्हणून त्याला माघारी पाठवलं. शिवणकामाच्या कारखान्यात लावून देते म्हणणारी ओळखीचीच बाई तिला घेऊन गेली होती. पोर सात महिन्यांनी दुसऱ्या राज्यात सापडली. ते आठ दिवस संपायच्या आतच तिला दोनदा विकलं होतं.

म्हणून बायांना हे तोंडपाठ करून द्या. अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि पळवून नेलं किंवा विकलं असं धरूनच तपास करायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बजावलं आहे. चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही. हद्द आमची नाही, हेही कारण चालत नाही. ठाण्यात ऐकलं नाही तर ११२ (पोलीस मदत) किंवा १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) लावा. “मर्जीनं आली” असं नेणारे हमखास सांगतात; भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये त्या मर्जीला काही किंमत नाही, आणि अल्पवयीन मुलीची विक्री असेल तर शिक्षा किमान १० वर्षं.

लग्नाच्या नावानं होतं ते तर ओळखूच येत नाही. हुंडा नको, खर्च आमचा, वरून बापाच्या हातावर रोख रक्कम, मुलगा राजस्थानचा नाहीतर मध्य प्रदेशचा, आणि त्याचं घर पाहायला इथून कोणीच गेलेलं नसतं. नापिकीच्या वर्षी अशी स्थळं घेऊन येणारे मध्यस्थ वाढतात. मुलगी १८ च्या आत असेल तर ग्रामसेवकाला कळवा, बालविवाह थांबवणं हे त्यांचंच काम आहे. १८ च्या वर असली तरी मुलाच्या गावी दोन माणसं पाठवल्याशिवाय होकार द्यायचा नाही, हे घरोघर सांगा.

रॅलीत शाळेची पोरं घोषणा देतात. ज्यांनी ऐकायचं त्या बाया वावरात असतात. कापूस वेचणीला जा, दुपारी धुऱ्यावर शिदोरी सोडतात तेव्हा बोला. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथे विषय काढा. पण पोलीस पाटलांना त्याआधी घरी जाऊन भेटा. सभेत त्यांना अडचणीत आणलं तर पुढे ते मदत करणार नाहीत.

हरवलेल्या मुलीचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवला असेल तर ती सापडल्याबरोबर सगळ्यांना पुसायला लावा. अशा पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. खटल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे तिच्या आईबापाला तुम्हीच सांगा, त्यांना दुसरं कोणी सांगणार नाही.

परत आलेल्या मुलीचं काय करता, ते बाकीच्या पोरी पाहत असतात. त्यावरूनच उद्या त्या आपल्याला काही सांगतील की लपवतील, हे ठरतं. आमच्याकडे त्या पोरीच्या आईला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी बोलावलं नाही. पुढच्या वर्षी आमच्या बचत गटानं हळदीकुंकू तिच्याच अंगणात ठेवलं. सगळ्या नाही आल्या, ११ जणी आल्या. तिळगूळ पोरीनं स्वतः वाटला.