लग्नाआधी कप वापरला तर?

‘लग्नाआधी मुलीने मासिक पाळीचा कप वापरला, तर तिच्या कौमार्याला बाधा येते का?’ हा प्रश्न मुलींच्या आया मला बहुधा दार लोटून, अर्ध्या आवाजात विचारतात. डिचोली तालुक्यातील एका आईने मात्र तो खुर्चीत बसण्याआधीच विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोबत १९ वर्षांची मुलगी होती. तिच्या पर्समध्ये सापडलेला, पाळीचा स्राव साठवण्यासाठी योनीत घालायचा सिलिकॉनचा कप आईने रुमालात गुंडाळून आणला होता. तो टेबलावर ठेवतानाही तिने रुमालाची गाठ सोडली नाही.

माझी चूक झाली ती इथे. मी शरीरशास्त्र सांगू लागले. योनिपटल म्हणजे योनिमुखाशी असलेली पातळ घडी. तिला मुळातच वाट असते, म्हणून तर पाळीचा स्राव बाहेर येतो. कपामुळे ती ताणली जाऊ शकते, क्वचित फाटूही शकते. परंतु तिच्यावरून कौमार्य ठरवता येत नाही, आणि अशा तपासणीला शास्त्रीय आधार नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. आईने सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाली, ‘‘मॅडम, मला पटले. पण उद्या तिच्या सासूला हे सांगायला तुम्ही येणार का?’’

भीती शरीराची नव्हतीच. मग मी मुलीकडे वळले आणि कप का घ्यावासा वाटला, एवढेच विचारले. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून घरामागे जाळायचे, पावसात ते धड जळत नाहीत आणि अर्धवट वितळलेले प्लास्टिक कुत्री अंगणात ओढून आणतात, हे तिने खाली मान घालून सांगितले. कापडी पॅडही तिने वापरून पाहिले होते. गोव्याच्या पावसाळ्यात ते न्हाणीच्या दोरीवर, टॉवेलाखाली लपवून, दोन-दोन दिवस दमटच राहत. तसेच वापरल्याने तिला खाज सुटली होती आणि ती कोणाला सांगितली नव्हती. आई तिच्याकडे पाहतच राहिली. स्वतः ती लग्नाआधी जुन्या लुगड्याच्या घड्या मांगरात (शेतावरच्या खोपटात) गोणपाटाखाली वाळवत असे, हे तिला बहुधा त्या क्षणी आठवले असावे, कारण पुढचे वाक्य तिने तिथूनच सुरू केले.

सासूच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर दिले: कप वापरला होता की नाही, हे पाहून कोणालाही, डॉक्टरांनाही, सांगता येत नाही. त्याच वेळी मुलीलाही सांगितले की पर्यावरणासाठी कप वापरलाच पाहिजे असे नाही. जमला नाही तर कापडी पॅड गार पाण्यात आधी धुऊन, मग साबण लावून, लपवून न ठेवता उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण कोरडे करावेत. कप निवडल्यास लहान आकाराचा घ्यावा, हात धुऊन घालावा, काढताना नुसता दांडा न ओढता बूड चिमटून हवा सोडावी, १२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि पाळी संपल्यावर पाण्यात उकळून ठेवावा. दुखल्यास किंवा ताप आल्यास कप काढून डॉक्टरांना दाखवावे.

रुमालाची गाठ एव्हाना सुटली होती. आईने कप बोटांत दाबून पाहिला आणि विचारले, ‘‘उकळायला वेगळा टोप लागेल ना?’’