जुना कंपाऊंड बो मुलाला देताय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : भावाचा कंपाऊंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) पाच-सहा वर्षं घरात पडून आहे. आता माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला द्यायचाय. थेट ग्राउंडवर नेला तर चालेल का?

नका नेऊ. आणि "चालतोय का बघू" म्हणत बाण न लावता ओढून सोडू तर अजिबात नका. ह्याला ड्राय फायर म्हणतात, एरवी जी ताकद बाणाबरोबर निघून जाते ती सगळी बोमध्येच आपटते. माझ्यासमोर एका पाहुण्याने सहज गंमत म्हणून ओढला आणि बोटं सटकली, फाडकन आवाज झाला, स्ट्रिंग कॅमवरून, म्हणजे टोकाच्या चाकावरून उतरली आणि वरच्या लिम्बला, म्हणजे लवचिक पट्टीला केसाएवढी चीर. केसाएवढीच, पण बो गेला.

अशी चीर डोळ्याला दिसेलच असं नाही, म्हणून कापसाचा बोळा घ्या आणि वरच्या-खालच्या दोन्ही लिम्बवरून हलक्या हाताने फिरवा, कडांवरून जास्त सावकाश. जिथे फायबर उचकटलंय तिथे कापसाची तार अडकून राहते. तशी अडकली तर तो लिम्ब बाद, गोंद-टेपचे जुगाड नकोत. मग कॅमच्या कडेला खाचा आहेत का ते बघा, कारण तिथेच स्ट्रिंग कापली जाते. स्ट्रिंग नुसती केसाळ झाली असेल तर वॅक्स लावून बोटांनी गरम होईपर्यंत चोळा, पण एखादा धागा तुटलाय किंवा वर गुंडाळलेलं सर्व्हिंग सुटतंय असं दिसलं तर स्ट्रिंग आणि केबल (कॅमला जोडलेल्या बाकीच्या दोऱ्या) दोन्ही बदलायच्या. इतकी वर्षं पडून असलेल्याच्या मी तरी फार विचार न करता बदलते. हे काम बो प्रेसवर (लिम्ब दाबून धरणाऱ्या यंत्रावर), जाणत्या माणसाकडूनच करायचं. घरी पाय देऊन स्ट्रिंग काढायचा प्रयत्न केलात तर लिम्ब तोंडावर येतील.

प्रश्न : बोवर ४० पाऊंड लिहिलंय. बोल्ट सैल करून मुलीला चालेल एवढा हलका होईल ना? ती दहा वर्षांची आहे.

बहुतेक नाही होणार. मोठ्यांच्या बोचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, कमाल आकड्यापासून साधारण १० पाऊंड खाली येतं, म्हणजे तुमचा ३० पर्यंत, आणि दहा वर्षांच्या मुलीला सुरुवातीला १५ ते २० पुरे. काही बो मुद्दाम वाढत्या मुलांसाठी मोठ्या रेंजचे बनवलेले असतात, तुमचा तसला आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. लिम्ब धरून ठेवणारा बोल्ट किती आटे मागे घेता येतो तेही तिथेच असतं, त्याच्यापुढे एक आटाही नाही, नाहीतर लिम्ब जागेवरून निसटतो. आणि वर जेवढे आटे तेवढेच खाली, अर्धा-अर्धा आटा आलटून पालटून. लॉकचा छोटा स्क्रू असेल तर तो आधी सैल करा, नाहीतर जोर लावून बोल्टचं डोकं घासून बसाल.

वजन झेपतंय का हे ओळखायला मुलीला खुर्चीत बसवा, समोर टार्गेट, बाण लावलेला, आणि हात सरळ पुढे ठेवून ओढायला सांगा. बो आभाळाकडे गेला, खांदा कानाला लागला किंवा पोट पुढे आलं की वजन जास्त आहे. "होईल सवय" म्हणू नका हो, सवय होते ती चुकीच्या ओढण्याची! आपण शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घेतो तसा बो घ्यायचा नसतो, आज जेवढं अंग तेवढाच बो.

प्रश्न : ड्रॉ लेंग्थ (स्ट्रिंग किती मागे ओढायची ते अंतर) कशी काढायची? मुलगा ओढल्यावर मागे झुकतो.

मागे झुकतोय म्हणजे बहुतेक लेंग्थ जास्त आहे. त्याला भिंतीला टेकून दोन्ही हात पसरून उभा करा, ताणायचे नाहीत, आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचात मोजा, भागिले २.५. म्हणजे ५० इंच आलं तर २० इंच. हा सुरुवातीचा आकडा, पुढे अर्धा इंच इकडे-तिकडे उभं राहणं बघून करायचं. सेटिंग कॅमवरच्या मॉड्यूलने (छोट्या तुकड्याने) बदलतं, काही बोमध्ये ते फिरवता येतं, काहींत वेगळं मॉड्यूल लागतं, आणि जुन्या बोचं मिळेलच असं नाही, त्यामुळे बो घेण्याआधीच हे विचारा. जेनेसिससारख्या बोला लेट-ऑफच नसतो म्हणून ठरावीक ड्रॉ लेंग्थही नसते, दोन भावंडांत एकच बो असेल तर मला तोच आवडतो. लेट-ऑफ म्हणजे पूर्ण ओढल्यावर हातावरचं वजन कमी होणं, २० पाऊंडचा बो ७० टक्के लेट-ऑफला ६ पाऊंडच धरून ठेवावा लागतो.

प्रश्न : बोबरोबर मोठ्यांचे कार्बन बाण मिळालेत. कापून लहान केले तर?

कापू नका. बाणाचा कडकपणा स्पाईनच्या आकड्यात मोजतात, २८ इंचांवर टेकवलेल्या बाणाच्या मध्ये १.९४ पाऊंड वजन टांगल्यावर तो इंचाच्या किती हजारांश वाकतो तो हा आकडा. ४०० म्हणजे ०.४ इंच. मोठा आकडा म्हणजे जास्त लवचिक, हे उलटं वाटतं म्हणून लोक फसतात. लहान मुलाच्या बोला बऱ्याचदा १००० च्या आसपासचा किंवा त्याहून लवचिक बाण लागतो, आणि तुमचे ४०० चे कापले की आणखीच कडक होणार. लांबी पूर्ण ओढल्यावर रेस्टच्या (बाण टेकतो त्या आधाराच्या) पुढे दोनेक इंच तरी उरली पाहिजे. आखूड बाण ओढताना रेस्टच्या मागे पडला आणि तसाच सुटला तर तो बो धरलेल्या हातातूनच जाईल, यात मी जराही अतिशयोक्ती करत नाहीये.

कार्बनचा प्रत्येक बाण मारण्याआधी तोंडापासून लांब धरून थोडा वाकवायचा, फिरवून परत वाकवायचा. कर्रर्र आवाज आला तर मोडून टाका, कोपऱ्यात ठेवलात तर उद्या कोणीतरी उचलतंच.

प्रश्न : मुलगी उजव्या हाताने लिहिते पण डावा डोळा मिटायला त्रास होतो. कुठला बो?

आधी डोळा तपासा. दोन्ही हात पुढे करून पंजांमध्ये छोटी फट ठेवायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची वस्तू बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू फटीतच दिसते तो तिचा मुख्य डोळा. डावा निघाला तर मी डाव्या हाताचाच बो देईन, लहान वयात हात पटकन वळतो. म्हणून घेण्याआधी तपासा, कारण कंपाऊंड बो उलटा धरून चालत नाही.

प्रश्न : सगळे बाण एकाच जागी बसतात पण मधल्या गोलाच्या डावीकडे. साईट (नेम धरायचं साधन) कुठे सरकवू?

डावीकडेच. बाण जिकडे, पिन (साईटमधला नेमाचा ठिपका) तिकडे, वर-खालीसुद्धा तसंच. पण आधी पाच-सहा मीटरवर उभं करा आणि निदान तीन बाण जवळजवळ बसले तरच पिनला हात लावा. पोरं दमली की बाण भलतीकडेच जायला लागतात, तेव्हा साईट नाही, बो खाली ठेवायचा.