वाचकांचे प्रश्न : परदेशात बट्टा नेमका कुठे बसतो?

प्रश्न : मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त प्रागला असतात. पुढच्या महिन्यात मी आणि माझे यजमान तीन आठवड्यांसाठी त्यांच्याकडे जाणार असून त्यातले चार दिवस व्हिएन्नाला जाण्याचाही विचार आहे. तिथले चलन 'कोरुना' असल्याचे कळले, परंतु अलकापुरीत ज्या दुकानी चौकशी केली तिथे कोरुना मागवावे लागतील असे सांगून जो दर सांगितला तो फारच चढा वाटला. शेजारी म्हणतात डॉलर न्या, जावई म्हणतात काहीच नेऊ नका, कार्ड पुरे. आणि यजमानांचा कार्डावर काडीचा विश्वास नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : आपण युरो न्यावेत. चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपीय संघात असले तरी त्याने युरो स्वीकारलेला नाही, त्यामुळे प्रागमध्ये आपल्याला युरोचे कोरुना करून घ्यावे लागतील हे खरे. पण व्हिएन्नाला युरोच चालतो आणि उरलेले युरो तिथे जसेच्या तसे खर्ची पडतात. डॉलर नेले तर दोन्ही शहरांत ते बदलावे लागतील, म्हणजे बट्टा (चलन बदलताना कापली जाणारी रक्कम) दोनदा. कोरुना बडोद्यात घेण्यात अर्थ नाही, कारण ज्या नोटांना इथे गिऱ्हाईक क्वचित येते त्या बाळगून ठेवण्याची किंमत दुकानदार दरातच लावतो.

'बट्टा' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. बडोदे संस्थानात बाबाशाही रुपया चालत असे तेव्हा तो देऊन इंग्रजी कलदार रुपया घेताना सराफ बट्टा कापीत, आणि किती कापला हे गिऱ्हाइकाला स्वच्छ कळत असे. आजच्या काचेआडच्या दुकानात 'कमिशन शून्य' अशी पाटी असते. बट्टा गेलेला नसतो, तो दराच्या पोटात शिरलेला असतो. तो बाहेर काढण्याची रीत सोपी आहे. दुकानदाराला एकच दर न विचारता दोन विचारावेत : युरो कितीला देता आणि कितीला परत घेता? समजा त्याने १०४ रुपयांना देतो आणि ९८ ला घेतो असे सांगितले, तर मधला १०१ हा साधारण खरा दर धरावा. ५०,००० रुपयांत आपल्याला १०४ च्या भावाने ४८० युरो मिळतील, १०१ च्या भावाने ४९५ मिळाले असते. म्हणजे जवळजवळ १,४४० रुपये गेले. याच व्यवहारावर जीएसटी किती लागतो? एक लाखापर्यंतच्या रकमेचा एक टक्का हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के, म्हणजे फक्त ९० रुपये. आपण पावतीवरच्या त्या ९० रुपयांवरून हुज्जत घालतो आणि १,४४० चे नावही काढत नाही. तीन दुकानी हे दोन आकडे विचारून ज्याच्याकडे अंतर कमी असेल त्याच्याकडून घ्यावे, मात्र ते दुकान रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेलेच असावे. पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट जवळ ठेवावे. रुपये रोख द्यायचे असतील तर ५०,००० पर्यंतच देता येतात, त्यापुढे चेक किंवा बँकेतून भरणा. परकीय नोटा एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरच्या मोलापर्यंत नेता येतात. आपल्याला त्याच्या जवळपासही जाण्याचे कारण नाही. लेकीच्या घरी राहायचे आहे, तेव्हा दोघांत मिळून सहाशे-सातशे युरो पुष्कळ झाले. ते वीस आणि पन्नासच्या नोटांत मागावेत. पाचशे युरोची नोट कुणी गळ्यात मारू पाहील, ती घेऊ नये. ती नव्याने देणे मध्यवर्ती बँकांनी २०१९ मध्येच थांबवले, आणि कायद्याने ती चालत असली तरी दुकानदार ती पाहून मान हलवतात.

प्रागमध्ये 'स्म्येनार्ना' अशी पाटी दिसली की ते विनिमयाचे दुकान समजावे. विमानतळावर आणि जुन्या चौकाच्या आसपास दर सहसा वाईट असतात, म्हणून लेकीच्या वस्तीकडचे दुकान तिलाच शोधून ठेवायला सांगावे. खिडकीशी उभे राहून पाटीवरचा मोठा आकडा वाचण्याऐवजी शंभर युरोची नोट दाखवावी आणि 'याचे किती कोरुना हातात येतील?' एवढेच विचारावे, उत्तर कागदावर लिहून घ्यावे आणि मगच नोट आत सरकवावी. तरीही फसलात तर एक सोय आहे : १ एप्रिल २०१९ पासून तिथल्या कायद्याने १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत मागता येतात. त्यासाठी पावती लागते, ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी. रस्त्यात कुणी 'चांगला दर देतो' म्हणत जवळ आला तर चालत राहावे, कारण अशा हातांतून दुसऱ्याच कुठल्या देशाच्या, कधी चलनातून बाद झालेल्या नोटा मिळतात आणि त्या हातांकडे पावती नसते. खऱ्या नोटा ओळखणे आपल्याला जड जाऊ नये. हजाराच्या नोटेवर इतिहासकार पालाट्स्की आहेत, आणि दोनशेच्या नोटेवर जे दाढीवाले गृहस्थ दिसतील ते कोमेन्स्की, म्हणजे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात आपण कोमेनियस म्हणून ज्यांच्यावर टिपा लिहिल्या असतील तेच.

आता कार्ड. जावईबापूंचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. प्रागच्या ट्राममध्येसुद्धा कार्ड टेकवून तिकीट घेता येते. परंतु कार्डालाही बट्टा आहे. आपल्याकडच्या अनेक कार्डांवर परकीय व्यवहाराला दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो. प्रवासी फॉरेक्स कार्डात युरो भरून नेले तर व्हिएन्नात ते उत्तम चालेल, पण प्रागमध्ये युरोतून कोरुनात जाताना बहुधा निराळे शुल्क कापले जाईल. ते किती, हे कार्ड घेतानाच विचारावे. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांपासून नव्या कार्डावर परदेशातील वापर मुळात बंदच असतो, तो निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून सुरू करून खर्चाची मर्यादाही आपणच ठरवावी. ही मर्यादा आपल्या हाती असते हे कळले की यजमानांची भीती निम्मी होईल.

सर्वांत महाग चूक मात्र आपण स्वतः बोटाने करतो, आणि ती मी केलेली आहे. प्रागच्या एका उपाहारगृहात बिल देताना यंत्राच्या पडद्यावर दोन आकडे आले, एक कोरुनात आणि एक रुपयांत. परक्या मुलखात आपल्या रुपयाचे चिन्ह पाहून मला इतके हायसे वाटले की मी तेच बटण दाबले. रात्री हिशेबाला बसलो तेव्हा शंभरामागे सहा रुपये जास्त गेल्याचे दिसले, कारण रुपयांचा तो आकडा माझ्या बँकेने काढलेला नव्हता, समोरच्या यंत्राने आपल्या मर्जीच्या दराने काढलेला होता. तेव्हा यंत्राने विचारले की नेहमी कोरुना निवडावे, व्हिएन्नात युरो. एटीएमही हाच प्रश्न जरा आडवळणाने विचारते : 'आमच्या दराने रूपांतर मान्य आहे का?' तिथे 'नाही' दाबावे. पैसे तरीही मिळतात. एटीएम शक्यतो बँकेच्या भिंतीतले असावे, आणि थोडे थोडे अनेकदा काढण्याऐवजी एकदाच काढावेत, कारण दर खेपेचे शुल्क वेगळे.

सारांश मी यजमानांसाठी लिहून देतो, आपण त्यांना वाचून दाखवावा : रोख युरो त्यांच्या खिशात, कार्ड आपल्या पर्समध्ये, दुसरे कार्ड घरी लेकीच्या कपाटात.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी युरोपहून परतलो. जवळ १८० युरो आणि नाण्यांची एक पिशवी उरली आहे. मनी चेंजर नाण्यांना हात लावत नाही. एवढे घरी ठेवणे गुन्हा तर नाही ना? (एक वाचक, कारेलीबाग, बडोदे)

उत्तर : मुळीच नाही. परतल्यावर १८० दिवसांत परकीय चलन परत करण्याचा नियम आहे, परंतु २,००० डॉलरच्या मोलापर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात, आणि नाण्यांना तर मर्यादाच नाही. नोटा विकायला गेलात तर त्या 'घेण्याच्या' दराने जातील, म्हणजे बट्टा पुन्हा एकदा. पुन्हा जाण्याचा संभव असेल तर राहू द्याव्यात. नाणी घेण्यास मनी चेंजर सहसा तयार होत नाहीत. ती वरच्या प्रश्नातल्या बाईंसारख्या कुणा निघालेल्या शेजाऱ्याला द्यावीत. व्हिएन्नातल्या सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दाराशी पन्नास सेंटचे नाणे शोधताना त्यांना आपली आठवण होईल.