शेअर ब्रोकरकडे काम करायचंय, परीक्षा कोणती द्यायची?

प्रश्न: मी सांगलीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव तासगाव तालुक्यात, घरी द्राक्षबाग. मला शेअर ब्रोकरच्या ऑफिसात काम करायचंय. त्यासाठी ‘सिरीज सेव्हन’ परीक्षा लागते असं कळलं, म्हणून यूट्यूबवर बघून नोट्स काढतेय. पण १२५ प्रश्न, पास व्हायला ७२ गुण, आणि त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. विश्रामबागेतल्या एका क्लासनं पंचवीस हजार फी सांगितली, नोकरीची हमी देतो म्हणाले. वडील म्हणतात, शेअर बाजार म्हणजे जुगार, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. काय करू?

प्रिय विद्यार्थिनीस,

आधी त्या नोट्स बंद कर. तू जिची तयारी करतेयस ती सिरीज सेव्हन अमेरिकेतली आहे. तिथली ‘फिन्रा’ ही नियामक संस्था ती घेते. पावणेचार तासांचा पेपर असतो, आणि फिन्राची सदस्य असलेली एखादी फर्म तुझ्यामागे उभी असल्याशिवाय त्याला बसताच येत नाही. डोक्यावरून जातंय यात तुझा काही दोष नाही. तिथले म्युनिसिपल बाँड (नगरपालिकांचे कर्जरोखे), तिथले कर, तिथली निवृत्तीची खाती यांच्याशी आपला संबंध कधी आलेलाच नसतो. व्याजदर वाढले की बाँडची किंमत का उतरते, ऑप्शन म्हणजे काय, एवढी पानं मात्र जपून ठेव. ती इथंही लागतील.

आपल्याकडे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘सेबी’नं स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था या परीक्षा घेते. तिच्या परीक्षांनाही सिरीजचेच आकडे आहेत आणि गोंधळ तिथंच होतो. आपल्याकडची सिरीज सात आहे ब्रोकरच्या बॅक ऑफिससाठी: सेटलमेंट (सौद्यानंतर पैसे आणि शेअर पोचते करणं), जोखीम, तक्रारींची नोंद हे सांभाळणाऱ्यांची. टर्मिनलवर बसून फ्युचर्स-ऑप्शन्सच्या, म्हणजे वायद्याच्या सौद्यांच्या, ऑर्डर टाकणाऱ्या डीलरला सिरीज आठ लागते. म्युच्युअल फंड विकायचे असतील तर सिरीज पाच-ए. म्हणून ‘कोणती परीक्षा देऊ’ हा प्रश्न जरा मागं ठेव. आधी ठरव की दिवसभर तू काय करणार आहेस. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन फोन आणि स्क्रीन? की लोकांच्या घरी जाऊन त्यांचं उत्पन्न, मुलांची शिक्षणं, कर्ज समजून घेणं? की आकडे जुळवत शांतपणे बसणं? तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही. ते कळण्यासाठी सांगली-मिरजेतल्या एखाद्या ब्रोकरच्या शाखेत एक दिवस जाऊन बस. विचारलंस तर बसू देतात.

तरी माझं मत विचारशील तर सुरुवात पाच-ए पासून कर. शंभर प्रश्न, दोन तास, पन्नास टक्क्यांना पास आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. हे प्रमाणपत्र बँका, वितरक, ब्रोकर सगळ्यांकडे चालतं. पुढं डीलरच व्हायचं ठरलं तर सिरीज आठ दे.

आठमध्ये सगळं लक्ष निगेटिव्ह मार्किंगवर हवं. शंभर प्रश्न, पास व्हायला साठ गुण, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. समज, तुझी ६६ उत्तरं बरोबर आली आणि उरलेली ३४ तू अंदाजानं ठोकलीस, ती सगळी चुकली. ६६ मधून साडेआठ गेले, राहिले साडेसत्तावन्न. नापास. त्याच ६६ बरोबर उत्तरांबरोबर दहाच चुकली आणि २४ कोरी सोडली, तर साडेत्रेसष्ट. पास. अभ्यास तेवढाच, निकाल वेगळा. चारपैकी दोन पर्याय ठामपणे खोडता आले तरच अंदाज लाव, ही सवय सराव करतानाच लावून घे.

अभ्यासाला पुस्तक एकच पुरे: एनआयएसएमचं वर्कबुक. ते त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. परीक्षा त्यातूनच येते, म्हणून पंचवीस हजारांच्या क्लासची गरज नाही. परीक्षेचं शुल्क साधारण दीड हजाराच्या घरात आहे. ‘नोकरीची हमी’ म्हणणाऱ्यांना ते कागदावर लिहून मागून बघ. वर्कबुक दोनदा वाच, पहिल्यांदा पेन्सिल न घेता. ऑप्शनचं प्रकरण मात्र नुसतं वाचू नकोस, कागदावर मांड. कॉल म्हणजे ठरलेल्या भावानं (स्ट्राइक) शेअर घेण्याचा हक्क, आणि त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. पाचशेच्या स्ट्राइकचा कॉल बारा रुपये प्रीमियम देऊन घेतला, तर नफा ५१२ च्या वर सुरू होतो आणि घेणाऱ्याचं जास्तीत जास्त नुकसान शेअरमागं बारा रुपये. मग तोच कॉल विकणाऱ्याच्या जागी बस आणि त्याचं नुकसान कुठं थांबतं ते शोध. थांबतच नाही, हे स्वतः रेघ मारून बघितलंस की पुन्हा विसरणार नाहीस. शिक्षण मराठी माध्यमातून झालं असेल तर इंग्रजी शब्द इंग्रजीतच पाठ ठेव, पण प्रत्येक प्रकरण आईला मराठीत समजावून सांग. जिथं अडखळशील तिथं पुन्हा वाचायचं.

आता वडिलांचं. सांगलीचा माणूस वायद्याला जुगार म्हणतो तेव्हा मला आश्चर्य वाटत नाही, कारण ते आपण जवळून बघितलंय. हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) हळद असायची आणि इथं शहरात हळदीच्या वायद्यांसाठी स्वतंत्र एक्स्चेंज होतं, स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज. वडिलांना निम्मं तरी बरोबर कळलंय. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. डीलर झालीस तर हा आकडा तुझ्या समोर बसलेल्या ग्राहकाला सांगायची तयारी हवी, तेही शाखेचं ब्रोकरेजचं टार्गेट डोक्यावर असताना. मुलाखतीला जाशील तेव्हा पगाराइतक्याच स्पष्टपणे टार्गेट विचार. आणि ग्राहकानं न सांगितलेली ऑर्डर कुणाच्याही दबावाखाली टाकायची नाही. ऑर्डर ग्राहकानंच दिल्याचा पुरावा ठेवणं ब्रोकरवर बंधनकारक आहे.

आणखी एक, आणि हे मी तुला काळजीनं सांगतेय. आपल्या भागात महिन्याला चार-पाच टक्के देतो म्हणून लोकांचे पैसे गोळा करणारे पुष्कळ झाले, आणि भिंतीवर एखादं प्रमाणपत्र टांगलेलं असलं की लोक विश्वास टाकतात. मार्केट यार्डात अडत्याचा परवाना असला म्हणून शेतकऱ्याचा माल स्वतःच्या नावावर करता येत नाही, तसंच हे आहे. पाच-ए पास झाल्यावरही म्युच्युअल फंड विकायला ‘अँफी’चा (म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेचा) एआरएन हा वितरकाचा नोंदणी क्रमांक लागतो, किंवा कुठल्या संस्थेत नोकरी करणार असशील तर ईयूआयएन हा कर्मचाऱ्याचा क्रमांक. ग्राहकाचा पैसा त्याच्या बँक खात्यातून थेट फंडाकडे किंवा ब्रोकरकडे जायला हवा. तुझ्या हातात किंवा खात्यात एक रुपयाही येता कामा नये. वडिलांना हा नियम दाखव. त्यांचा आक्षेप नेमका कशावर आहे ते त्यातून बाहेर येईल, मग बोलणं सोपं होईल. बँकेच्या परीक्षा द्यायला माझी हरकत नाही. पाच-एचं प्रमाणपत्र तिथंही वाया जात नाही.

नोंदणीला पॅन लागतं. तुझं नसेल तर आजच अर्ज कर, असेल तर त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर तपास. आपल्याकडे मुलींच्या कागदपत्रांत वडिलांचं नाव आणि आडनाव मागंपुढं झालेलं असतं आणि त्यावरून केंद्रावर अडचण येते. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, पुढं नूतनीकरण करावं लागतं. म्हणून चारपाच परीक्षा एकदम देऊन ठेवू नकोस. बी.कॉम.चा शेवटचा पेपर झाला की सहा-सात आठवड्यांनंतरची पाच-एची तारीख घे. केंद्रांची यादी नोंदणी करतानाच दिसते. संगणकावरची परीक्षा आहे, गुण तिथंच कळतात.

तोवर त्या शाखेत एक दिवस बसून ये, आणि काय बघितलंस ते मला लिहून कळव. डीलरची खुर्ची की म्युच्युअल फंड, ते त्यावरून ठरवू.