‘सँक्शन’ दिसलं की आधी मागणारा शोध

पुणे

चि. अनुवादकास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. ‘अमेरिकेने तीन जहाज कंपन्यांना मंजुरी दिली’ या वाक्यापाशी लाल पेन थांबलं. मूळ बातमी नेमकी उलटी आहे. त्या कंपन्यांवर निर्बंध आलेत, त्यांच्याशी व्यवहार करायला बंदी झाली आहे. ही चूक इंग्रजी कच्चं असल्याची नाही, कानाच्या सवयीची आहे. मूळ इंग्रजीत शब्द आहे ‘सँक्शन’, आणि पुण्यात दिवसभर तो एकाच अर्थाने कानावर पडतो: लोन सँक्शन झालं, रजा सँक्शन झाली, महापालिकेतून प्लॅन सँक्शन होऊन आला. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो, तोही सँक्शन्ड लोडच. त्यामुळे परदेशी बातमीत सँक्शन आलं तरी हात आपोआप ‘मंजूर’कडे जातो.

मान्यता देणे आणि निर्बंध घालणे, असे या क्रियापदाचे दोन अर्थ. शब्दाचं मूळ लॅटिन, पवित्र मानून पक्कं करणे या अर्थाचं. एखादी गोष्ट कायद्याने पक्की करणं हा त्याचा एक फाटा, आणि ती मोडणाऱ्यासाठी कायद्यातच सांगून ठेवलेली शिक्षा हा दुसरा. क्रियापद म्हणून दंडाचा अर्थ त्यातल्या त्यात नवा, विसाव्या शतकातला. यात नवल वाटावं असं काही नाही, कारण आपल्याकडे ‘शासन’ आहेच. राजा राज्यावर शासन करतो आणि अपराध्याला शासन करतो. शब्द तोच, पण ‘वर’चा ‘ला’ झाला की अर्थ फिरतो आणि आपण अडखळतही नाही. इंग्रजीत क्रियापदाला असा प्रत्ययाचा आधार नसतो. मथळ्यात नुसतं ‘यूएस सँक्शन्स टँकर्स’ एवढंच येतं, टँकर म्हणजे इथे तेलवाहू जहाजं.

कर्म वस्तू असेल तर मंजुरी आणि माणूस असेल तर निर्बंध, असा सोपा नियम काही जण सांगतात. टँकरच्या मथळ्यातच तो गळपटतो. त्याहून भरवशाची कसोटी ही: ही गोष्ट आधी कोणी मागितली होती का? कर्जासाठी अर्ज असतो, रजेसाठी अर्ज असतो, बांधकामासाठी नकाशे दाखल केलेले असतात. मागणारा सापडला की ‘मंजूर’. टँकरवाल्याने काहीच मागितलेलं नसतं, त्याच्यावर आरोप असतो. तिथे ‘निर्बंध’.

न्यायालयाच्या कागदांत ही कसोटी लगेच कामाला येते. कंपन्यांच्या विलीनीकरणाची योजना न्यायाधिकरण सँक्शन करतं, म्हणजे मंजूर करतं. अमेरिकी न्यायालय वकिलाला सँक्शन करतं, तेव्हा त्याला दंड वगैरे झालेला असतो. भारतातल्या भ्रष्टाचाराच्या खटल्यात ‘सँक्शन’ आलं की मात्र घाई करू नकोस. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, 1988 च्या कलम 19 प्रमाणे लोकसेवकावर खटला चालवायला सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. आरोपी, भ्रष्टाचार, खटला असं सगळं आजूबाजूला असल्यामुळे शिक्षेचा वास येतो, पण मागणारी इथे तपास यंत्रणा आहे. म्हणून ‘खटला चालवण्यास मंजुरी’.

नाम अनेकवचनी असेल आणि पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल, तर बहुतेक वेळा निर्बंधच. 1998 च्या मे महिन्यात पोखरणच्या चाचण्या झाल्यावर अमेरिकेने आणि जपानने भारतावर घातले ते आर्थिक निर्बंध. हिंदी बातम्या यालाच ‘प्रतिबंध’ म्हणतात. तो शब्द उचलून आणू नकोस. मराठीत प्रतिबंध म्हणजे होऊ न देणं, रोगप्रतिबंधक लशीतला. ‘बहिष्कार’ही नको, तो लोक घालतात. आणि घालणे व लादणे यांतला फरक जप. ‘लादले’ म्हटलं की ते अन्यायाचे आहेत असं तू ठरवून टाकलंस. मूळ लेखकाचा तसा सूर नसेल तर ‘घातले’ पुरे.

मंजुरीच्या बाजूलाही खड्डे आहेतच. बँकेने 40 लाख सँक्शन केले म्हणजे दिले नव्हेत. मंजुरीपत्र आधी हातात पडतं. पैसे नंतर, चालू बांधकाम असेल तर टप्प्याटप्प्याने. ‘बँकेने 40 लाख दिले’ असं लिहिलंस तर व्याज कधीपासून, हप्ता कशाचा, हा पुढचा सगळा हिशेब वाचणाऱ्याच्या डोक्यात चुकतो. सरकारी कामात प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी या वेगळ्या पायऱ्या आहेत, पहिली आधी. काही खाती दुसरीलाही ‘तांत्रिक मान्यता’च म्हणतात, ज्या खात्याचा कागद, त्याचा शब्द ठेव. आणि ‘मंजूर’मधला जू दीर्घ, ‘मंजुरी’तला ऱ्हस्व. सरकारी फलकांवर काहीही असो.

आता जिथे ही कसोटी चालत नाही ती जागा. ‘स्टेट-सँक्शन्ड व्हायोलन्स’मध्ये अर्जदार कोणी नाही, तरी अर्थ मान्यतेचाच आहे. ‘शासनमंजूर हिंसा’ लिहिलंस तर हसं होईल, जणू निविदा काढली होती. ‘सरकारच्या आशीर्वादाने झालेली हिंसा’ हे मराठी. रूढीने सँक्शन केलेली प्रथा असेल तर आपल्याकडे घडवलेले शब्द तयार आहेत: रूढिमान्य, समाजमान्य, शास्त्रसंमत. जुन्या पत्रांच्या मायन्यातलं ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, त्यातलं ‘मान्य’ही याच घरातलं. ‘अनसँक्शन्ड’ मात्र बिनधोक. तो जवळजवळ नेहमी ‘विनापरवाना’ किंवा ‘मंजुरीशिवाय’ असतो.

तुझ्या मसुद्यात हा शब्द आणखी चार ठिकाणी आहे. पान दोनवरची ‘सँक्शन्ड पोस्ट्स’ तू ‘निर्बंधित पदे’ केली आहेस. ती ‘मंजूर पदे’. बाकीच्या तीन ठिकाणी मी खूण केलेली नाही. प्रत्येक वाक्याच्या समासात मागणारा कोण ते लिही, नसेल तर फुली मार, आणि मग मसुदा परत पाठव.

तुझा हितचिंतक