डिझाइन चित्रकाराचं, रंग पालकांचे, मग काम कोणाचं?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. यंदा वस्तीला सोबत घेऊन शाळेच्या भिंती रंगवायच्यात. शहरातून चित्रकार येणार, डिझाइन तो देणार, मुलं आणि पालक रंग भरणार. सहकारी म्हणतात हे कम्युनिटी आर्ट आहे. खरंच आहे का? आणि खाली नाव कोणाचं टाकायचं?

उत्तर : ताई, स्पष्टच सांगते, डिझाइन बाहेरून येणार आणि पालकांनी नुसते रंग भरायचे तर ते श्रमदान झालं. तेही करा, पोहे-चहा ठेवा, मजा येईल. पण कम्युनिटी आर्ट म्हणजे वस्तीनं मिळून ठरवलेली आणि केलेली कला, इथे ठरवण्यात त्यांचा हात कुठाय?

मुंबईच्या चित्रकार नवजोत अल्ताफ १९९७पासून छत्तीसगडच्या बस्तरमधल्या कोंडागावात काम करत आल्यात, राजकुमार कोर्राम, शांतीबाई अशा तिथल्याच कलाकारांबरोबर. तिथे त्यांनी हातपंपाभोवतीची जागा कामाला घेतली. पाण्याला येतात बाया आणि पोरी, भरलेला हंडा जमिनीवरून उचलून डोक्यावर घ्यायचा म्हणजे कंबरेचा पार निकाल, म्हणून मध्ये टेकवायला उंचवटे केले, सांडपाण्याचं बघितलं, भोवतीच्या बांधकामावर तिथलीच चिन्हं आली. याला ते नलपार म्हणतात. मुलांसाठी पिल्ला गुडी नावाच्या जागाही उभ्या केल्या. आता यात कला कुठली आणि सोय कुठली ते सांगा बघू, मला तरी वेगळं काढता येत नाही.

तर चित्रकाराला बोलवायच्या आधी मीटिंग घ्या, तीही संध्याकाळी, शेतावरून आया परतल्यावर, दुपारी घेतली तर नुसते समितीवालेच येतील. मुलांना शाळेचा नकाशा काढायला लावा, कुठे बसतात, कुठे चिखल होतो, मुली कुठे जायला टाळतात, सगळं. मोजमाप करताना गणिताचा तासही निघून जाईल. कदाचित भिंत राहील बाजूला आणि नळाजवळ कट्टा हवाय असं निघेल. चित्रकार वैतागेल, चांगला असेल तर थांबेल.

नावाचं म्हणाल तर न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये टिम रॉलिन्स हे शिक्षक १९८०च्या दशकात मुलांबरोबर पुस्तकाच्या पानांवर चित्रं करायचे, मोठ्या म्युझियममध्ये गेली ती. नाव पडलं ‘टिम रॉलिन्स आणि के.ओ.एस.’ (किड्स ऑफ सर्व्हायव्हल, तगून राहिलेली पोरं), म्हणजे सर आधी आणि पोरं सगळी मिळून तीन अक्षरांत! तुम्ही सगळ्यांची नावं लिहा, वर्गवार चालेल, गवंडीकाकांचंही घाला. सरपंचांचं नाव वर की खाली यावरून वाजणारच, ते रंग आणायच्या आधीच मिटवून घ्या.